न छापलेल्या पत्राचे उत्तर

कुटुंबपानावरील या सदराला पत्रे पुष्कळ येतात. त्यांचे विषय बहुधा ठरलेले असतात. सासूसुनेचे पटत नाही, मुलगा अभ्यास करीत नाही, फ्लॅटच्या हप्त्यावरून दोन भावांत अबोला झाला आहे, नवऱ्याची दारू सुटत नाही. अशी पत्रे आम्ही नावगाव गाळून छापतो आणि आम्हाला सुचेल ते उत्तर देतो. परंतु काही पत्रे अशी येतात की ती वाचून आम्ही पुन्हा घडी घालतो आणि टेबलाच्या खालच्या खणात ठेवून देतो. अशा पत्रांसाठी आमच्याकडे एक वेगळी फाइल आहे, हे वाचकांना आज प्रथमच सांगत आहोत.

गेल्या महिन्यात पिंपळे सौदागरहून एका भगिनीचे पत्र आले. वहीची तीन पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि वर कोपऱ्यात ‘कृपया छापू नये’ अशी सूचना. त्या लिहितात, मुलगा एकोणतीस वर्षांचा आहे. इंजिनिअर झाला, हिंजवडीला कंपनीत आहे, निर्व्यसनी आहे, आईवडिलांना धरून आहे. चार वर्षे स्थळे पाहणे चालू आहे आणि प्रत्येक स्थळाला त्याचे काही ना काही कारण निघते. शेवटी वधू-वर मेळाव्याचा फॉर्म भरायला घेतला, त्या रात्री तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “आई, मला मुलींविषयी तसे काही वाटत नाही. कधीच वाटले नाही. मला पुरुषाविषयीच वाटते. मी खूप प्रयत्न करून पाहिला.” वडिलांच्या कानावर घातले तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, लग्न झाले की सगळे ठीक होते. आता बीडकडची एक मुलगी पाहिली आहे. बी.एड. झालेली, गुणी मुलगी. मुलगा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, खाली मान घालून बसतो.

पत्राच्या शेवटी ताईंनी तीन प्रश्न विचारले होते. यावर काही औषध आहे का? आपल्या धम्मात हे पाप आहे का? आणि तिसरा प्रश्न असा, की आज बाबासाहेब असते तर आमच्या घराला काय म्हणाले असते?

हे पत्रही फाइलीत गेले असते. परंतु फाइल उघडली तेव्हा सर्वांत वर एक जुने पत्र होते, २००७ सालचे. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर असलेल्या, खोली करून राहणाऱ्या तरुणाचे. त्याचाही प्रश्न हाच होता, फक्त तो त्याने स्वतः विचारला होता. त्याला आम्ही पोस्टकार्डावर उत्तर धाडले होते. ‘वाईट संगत सोडावी, व्यायाम करावा, विहारात जात जावे, लवकर लग्न करावे.’ त्याची नोंद आमच्याच अक्षरात त्या पत्राच्या पाठीवर आहे. त्याचे पुन्हा पत्र आले नाही. आम्ही त्याला ज्ञान दिले नाही, दोन ओळींत वाटेला लावले, एवढेच खरे. म्हणून या वेळी आम्ही ताईंना फोन केला, भेटायला गेलो आणि त्यांची व मुलाची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून, हे लिहीत आहोत.

पिंपळे सौदागर ज्यांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी पाहिले असेल त्यांना ते पवनेच्या काठचे शेतीचे गाव म्हणून आठवेल. आज कोकणे चौकापासून शिवार चौकापर्यंत मान वर करून पाहावे लागते अशा इमारती आहेत. पिंपरी, कासारवाडी, दापोडीच्या चाळींतून आणि वस्त्यांतून शिकून वर आलेली आपली कितीतरी कुटुंबे आता इकडे राहतात. ताईंचे घर आठव्या मजल्यावर. समोरच्या भिंतीवर तथागत, बाबासाहेब आणि रमाई. यजमानांनी पिंपरीच्या एका कंपनीत तीन पाळ्यांत तीस वर्षे काढली. दर २५ डिसेंबरला देहूरोडच्या धम्मभूमीवर जायचे, हा त्यांचा नेम. बाबासाहेबांनी १९५४ साली त्याच तारखेला तेथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या वेळी त्यांचे वडील हजर होते, हे त्यांनी आम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगितले. मूळ विषयावर मात्र ते बोलेनात. थोड्या वेळाने उठून गॅलरीत गेले.

ताई म्हणाल्या, “असली माणसे मी टीव्हीवरच पाहिलेली. हसायला. तो हात असा करून चालतो, सगळे हसतात, मीही हसायचे. माझा मुलगा शेजारी बसलेला असायचा हो. तोही हसायचा.” एवढे बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला.

गॅलरीतून यजमानांचा आवाज आला, “हे आपल्यातले नाही. हे श्रीमंतांचे, परदेशातले फॅड. हिंजवडीला नाना तऱ्हेचे लोक येतात, तिथून लागलेले.”

या एका वाक्याला उत्तर देण्यासाठी नव्वद वर्षांहून अधिक मागे जावे लागते. ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे. बाबासाहेब काय म्हणाले असते याचा तर्क करण्याची आपल्याला गरज नाही. ते काय म्हणाले हे कोर्टात झालेले आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कामापायी त्यांना कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाबासाहेबांचे ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले होते. एक पत्र चवदार तळ्याच्या पाण्याविषयी बोलत होते, तर दुसरे घराच्या बंद दाराआड ज्याविषयी कोणी बोलत नाही त्याविषयी. दोन्हींपाशी पैसा नव्हता आणि दोन्हींवर सनातन्यांचा राग होता. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचक आपल्या शरीराविषयी, कामजीवनाविषयी प्रश्न विचारीत आणि कर्वे शास्त्राच्या आधाराने सरळ उत्तरे देत. १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला झाला, त्यात शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा पकडले. या वेळी निमित्त होते मासिकाच्या गुजराती अंकात वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचे. त्या प्रश्नांत हस्तमैथुन होते, तसेच समलिंगी संबंधही होते.

या दुसऱ्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने बॅरिस्टर म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

वाचकांनी ते दिवस ध्यानात आणावेत. पुणे करार होऊन दीड वर्ष झालेले. गोलमेज परिषदांची दगदग अंगावर आहे. घरात रमाई आजारी आहेत. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, त्या गेल्या. अशा वेळी एका ब्राह्मण संपादकाचा, ज्यात पैसा नाही, कीर्ती नाही आणि बदनामी मात्र खात्रीची, असा खटला बाबासाहेबांनी का घ्यावा? त्यांचे विरोधक टपून बसलेच होते. तरीही त्यांनी तो घेतला.

कोर्टापुढे प्रश्न असा आला की वाचकांनी असले विकृत प्रश्न विचारलेच कशाला आणि विचारले तरी संपादकाने उत्तर का द्यावे? बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता: लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील झाले, असे होत नाही. मासिक या विषयाच्या शिक्षणासाठी निघाले आहे, मग वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देणे हे त्याचे कामच आहे. प्रश्न विकृत आहे असे कोणाला वाटत असले, तरी विकृती जाते ती ज्ञानाने, तोंड दाबून नव्हे. समलिंगी ओढीबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाच्या संशोधनाचा आधार दिला आणि ती ज्यांच्यात मुळातच असते त्यांनी आपल्या रीतीने सुख मिळविण्यात गैर नाही, अशी बाजू मांडली. कोर्टाने ते मानले नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण ऑक्टोबर १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी मासिक बंद केले नाही.

आम्ही हे सांगत असताना यजमान गॅलरीच्या दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारले, “हे खरे आहे? बाबासाहेबांनी?” आम्ही होय म्हणालो. चळवळीत वाढलेल्या, तीस वर्षे जयंतीची वर्गणी गोळा केलेल्या माणसाला ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती. दोष त्यांचा नाही. आपल्या जयंतीच्या भाषणांत चवदार तळे येते, काळाराम मंदिर येते, संविधान येते. १९३४ चा हा खटला क्वचितच येतो. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडला, त्यामागे बाबासाहेब होते, हेही क्वचितच येते. आणि आमच्यासारख्या पत्रांनीही हा विषय अडगळीतच ठेवला. अजित दळवी यांनी कर्व्यांच्या खटल्यांवर लिहिलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक अतुल पेठे यांनी रंगभूमीवर आणले, तेव्हा कुठे अनेकांच्या कानावर ही हकीगत पडली.

आणखी एक मुद्दा. १९३४ साली हिंजवडी आयटी पार्क नव्हते, इंटरनेट नव्हते, टीव्ही नव्हता. तरीही मराठी-गुजराती वाचक पोस्टाने हा प्रश्न विचारीत होते. म्हणजे हे कोणाच्या संगतीने लागलेले फॅड नव्हे. माणसे तेव्हाही अशी होती. त्यांना उत्तर देणारे पत्र मात्र एखादेच होते.

मधल्या काळात वृत्तपत्रांनी आणि पडद्याने काय केले? कर्वे गेले आणि पुष्कळ वर्षे मराठी छापखान्याला या विषयाची दोनच खाती ठाऊक होती, एक गुन्ह्याच्या बातम्यांचे आणि दुसरे विनोदाचे. बातमीत ‘अनैसर्गिक कृत्य’ आणि चुटक्यात ‘बायल्या’. साडी नेसलेला पुरुष दिसला की थिएटरात हशा. अपवाद होते. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली आले, त्यात एका मुलीला वाटणारे मुलीविषयीचे प्रेम होते. १९८२ च्या ‘उंबरठा’ या जब्बार पटेलांच्या चित्रपटात महिलाश्रमातील दोन स्त्रियांचा प्रश्न डोकावून गेला. चेतन दातार यांचे ‘एक माधव बाग’ हे तर एका आईचे मनोगत आहे, जिला मुलगा समलिंगी असल्याचे कळते. ताईंना आम्ही त्याचे नाव सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे माझ्याआधी कोणी आई आहे.” दुसरीकडे १९९८ साली ‘फायर’ चित्रपटावरून मुंबईत थिएटरांची मोडतोड झाली, तीही आपण पाहिली. २००९ च्या ‘जोगवा’ने जोगत्याचे दुःख दाखविले. देवाच्या नावाने एखाद्या मुलाला साडी नेसवून भीक मागायला लावणे ही रीत आपल्याच जातींच्या अंगावर लादलेली होती. बाबासाहेबांनी १९३६ साली मुंबईत देवदासी, मुरळ्या, जोगतिणींची सभा घेऊन हा मार्ग सोडा असे सांगितले होते. कोणी कोणते कपडे घालावेत, कसे जगावे हे धर्माने किंवा जातीने ठरवायचे नाही, ज्याने त्याने ठरवायचे, हा धडा आपल्याला नवा नाही.

दुसऱ्यांवर बोट दाखविण्यापूर्वी आम्ही स्वतःचीही झडती घेतली. आमच्या या कुटुंबपानाचे जुने अंक काढून बसलो. चुटक्यांच्या चौकटीत बायकी पुरुषावरचे विनोद मोजायला गेलो आणि मोजणे सोडून दिले. त्याखालीच वधू-वर सूचना. ‘गोरी, सुंदर, गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे.’ पुढे पुढे त्यात ‘नोकरी करणारी’ आले, पण ‘गोरी’ गेले नाही. एका पानावर समता, त्याच्या मागच्या पानावर हे. पुरुषाने कसे चालावे आणि मुलीने कोणत्या रंगाचे असावे, हे आम्ही दर आठवड्याला घरोघर पोचवीत होतो. ताईंच्या घरात तो मुलगा हसत होता, त्यात आमच्या पानाचाही वाटा आहे.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे कलम ३७७ आपल्या परंपरेतून आलेले नव्हते. ते इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत घातले. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मोकळे केले, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते बंधन कायमचे काढले. या दोन्ही मुक्तीच्या निकालांत एक शब्द मध्यवर्ती आहे: संविधानिक नैतिकता. तो शब्द न्यायाधीशांनी बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणातून घेतला. समाजातल्या बहुसंख्यांना काय रुचते हे पाहायचे नसते, संविधानाने प्रत्येकाला काय दिले आहे हे पाहायचे असते, असा त्याचा न्यायालयाने लावलेला अर्थ. अस्पृश्यतेच्या बाबतीतही बहुसंख्यांची रुची आपल्या बाजूची नव्हती, हे आपण विसरता कामा नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे गुन्हा संपला, लग्नाचा हक्क मिळाला नाही.

येथे एक गोंधळ दूर करतो, कारण वर्तमानपत्रेही तो करतात. समलिंगी आणि तृतीयपंथी हे एक नव्हे. ज्या पुरुषाला पुरुषाविषयी किंवा स्त्रीला स्त्रीविषयी ओढ वाटते ते समलिंगी. ज्या व्यक्तीला जन्माच्या वेळी ठरविलेले लिंग आपले वाटत नाही ती तृतीयपंथी किंवा पारलिंगी. अशा व्यक्तींच्या हक्कांना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये मान्यता दिली. आपल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०२२ साली तृतीयपंथी नागरिकांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतले. सिग्नलवर ज्यांच्याकडे पाहून आपण गाडीची काच वर करतो, तीच माणसे गणवेशात कामावर उभी राहिली. आणि राजकारणात, २०१९ साली वंचित बहुजन आघाडीने कवयित्री दिशा पिंकी शेख यांना प्रवक्तेपद दिले. आपल्या चळवळीला याचा अभिमान वाटावा.

आता ताईंच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे.

औषध आहे का? नाही, कारण हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या देशातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली हेच सांगितले. ती ‘बरी’ करून देतो म्हणणारा डॉक्टर व्यवसायाचा नियम मोडतो, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये ठरविले आहे. गंडेदोरे, अंगारे आपण १९५६ साली सोडले. तेव्हा कोणी वैद्यबुवा, मांत्रिक किंवा इंजेक्शनवाला गाठू नका. मुलाला झोप येत नसेल, तो जेवत नसेल, जगणे नको अशी भाषा करीत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडे अवश्य न्या. ते उपचार त्याच्या एकटेपणासाठी आहेत, ओढीसाठी नव्हेत.

धम्मात हे पाप आहे का? ताई म्हणाल्या, विहारात पंचशील म्हणताना तिसऱ्या शीलाला त्यांचा आवाज बसतो. आम्ही त्यांना विचारले, तिसरे शील कशासाठी आहे? कामवासनेपायी दुसऱ्याला फसवू नये, दुखवू नये, दुसऱ्याचा विश्वास मोडू नये यासाठी. दोन सज्ञान माणसे एकमेकांशी प्रामाणिक असतील तर तेथे कोणाची हिंसा होते? भिक्खूंसाठी विनयाचे नियम वेगळे आहेत, ते गृहस्थाला लावायचे नसतात. उलट, आम्हाला विचाराल तर तिसरे शील मोडण्याचा धोका या घरात खरोखरच आहे, परंतु तो मुलाकडून नाही. तो ठरत असलेल्या लग्नाकडून आहे.

यजमान म्हणाले, सिगालोवाद सुत्तात मुलाचे लग्न करून देणे हे आईबापाचे कर्तव्य सांगितले आहे. बरोबर आहे. परंतु तेथे योग्य जोडीदार पाहून द्यावा असे आहे. बीडच्या त्या मुलीला हा जोडीदार योग्य आहे काय? बाप कर्ज काढील, ती नोकरीचा अर्ज मागे ठेवील, आठव्या मजल्यावर येऊन राहील आणि नवरा आपल्याजवळ का येत नाही याचे कारण स्वतःत शोधील. माझा रंग, माझे बोलणे, माझे गावाकडचे वागणे. वर्षभराने शेजारणी विचारतील, अजून काही नाही का? आणि दवाखान्याच्या फेऱ्या तिच्याच नशिबी. नवऱ्याचे सत्य घरातल्या तिघांना माहीत आणि तिला एकटीला नाही. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, ते स्त्रीला लग्नात माणूस म्हणून जागा मिळावी म्हणून. त्यांच्या तसबिरीसमोर, त्रिशरण-पंचशील म्हणून, एका मुलीला अंधारात ठेवून मंगल परिणय करायचा हे कसे चालेल?

म्हणून ताईंना आम्ही हे सांगितले आणि अशा प्रत्येक घराला सांगतो. लग्न ताबडतोब थांबवा. थांबविताना मुलीकडच्यांना स्पष्ट शब्दांत कळवा की नकार आमच्याकडून आहे आणि मुलीत काहीही उणे नाही. नाहीतर मोडलेल्या स्थळाचा डाग तिच्या नावावर राहतो. मुलाचे कारण मात्र कोणाला सांगायचे नाही. ते सांगायचे की नाही, कोणाला आणि कधी, हे तोच ठरवील. काका-मामांना गोळा करून बैठक बसवू नका. मुलाला ‘असा का’ विचारू नका, ‘कसा आहेस’ विचारा. त्याचा कोणी मित्र असेल तर त्याचे नाव विचारा आणि एक दिवस चहाला बोलवा.

यजमानांनी शेवटी तोच प्रश्न काढला, जो सर्वांच्या घरात निघतो. समाज काय म्हणेल? आम्ही म्हणालो, दादा, वाळीत टाकणे म्हणजे काय हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? ज्यांच्या आज्यापणज्यांना पाणवठ्यावरून हाकलले, त्यांनी आपल्या मुलाला घरातल्या घरात वाळीत टाकायचे? ते काही बोलले नाहीत. आम्हाला दारापर्यंत सोडायला मात्र ते आले, लिफ्टचे बटण त्यांनीच दाबले.

आठ दिवसांनी ताईंचा फोन आला. यजमानांनी स्वतः बीडला फोन लावला होता. “मुलगी लाखात एक आहे, दोष आमच्याकडचा आहे,” असे ते म्हणाले. शेजारी बसलेल्या ताईंनी हाताने खूण करून त्यांना थांबविले. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, दोष म्हणू नका, अडचण म्हणा. बापलेकांत अजून मोकळे बोलणे नाही. परंतु रविवारी दोघे मिळून बाजारात गेले आणि जाताना मुलाने बापाच्या हातातली पिशवी घेतली, हे त्यांनी आवर्जून सांगितले. ताई स्वतः ‘एक माधव बाग’चा प्रयोग कुठे लागतो याची चौकशी करीत आहेत.

आमच्या पानापुरते आम्ही असे ठरविले आहे. यापुढे कोणाच्या चालण्याबोलण्यावर, बायकीपणावर चुटका छापला जाणार नाही. वधू-वर सूचनेत ‘गोरी’ हा शब्द आला तर तो गाळून सूचना छापू. पटत नसेल त्यांनी पैसे परत न्यावेत. आणि खालच्या खणातील फाइल आता वर आली आहे. तिच्यात अकरा पत्रे आहेत. ज्यांवर पत्ते आहेत त्यांना उत्तरे लिहायला घेतली आहेत. पहिले उत्तर चाकणच्या त्या तरुणाला धाडले होते. ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा मारून ते परत आले. म्हणून ते येथे छापतो.

‘प्रिय बंधू, सप्रेम जयभीम. २००७ साली तुम्ही आम्हाला एक प्रश्न विचारला होता. आम्ही दिलेले उत्तर चुकीचे होते. तुमची संगत वाईट नव्हती आणि तुमच्यात बिघाड काहीही नव्हता. आम्हाला माहिती नव्हती आणि माहिती करून घेण्याचे कष्ट आम्ही घेतले नाहीत. आमचे ऐकून तुम्ही लग्न केले असेल आणि त्यात दोन जीव दुःखी झाले असतील, तर त्याचा भार आमच्यावरही आहे. तुम्ही जेथे असाल तेथे सुखरूप असा. हे वाचनात आले तर दोन ओळी टाका. या वेळी आम्ही नीट वाचून उत्तर देऊ.’